बिनवासाचं तेल

साहेब, तुम्ही खोटं छापलं. रिफायनरीच्या गेटवर नवा बोर्ड ठोकला, 'वऱ्हाडाने पहिल्या दिवसापासून आमचे तेल स्वीकारले'. आणि त्या बोर्डाच्या आड येते म्हणून माझ्या अम्मीला, रजियाबीला, भज्यांची गाडी हटवायला सांगितली. रिफायनरीच्या वर्धापनदिनाच्या समारंभाआधी जागा मोकळी पाहिजे म्हणे.

पहिल्या दिवशी तुमचं तेल कोणी हुंगलंसुद्धा नाही. हुंगलं, पण वासच नव्हता. अकोल्यात तेव्हा घाण्याचं जवसाचं तेल खायचे, त्याचा वास चार घरं जायचा. तुमचं सरकीचं तेल पाण्यासारखं. बाया डब्याला नाक लावायच्या अन् म्हणायच्या, "मेलेलं तेल हाये वं हे." दुकानदार डबे परत पाठवू लागले. तेव्हा तुमच्या थोरल्या शेठनी अम्मीला जठारपेठेतून बोलावून गेटवर बसवलं. भर रस्त्यात तळायचं, पहिलं भजं स्वतः खायचं, मग गिऱ्हाइकाला द्यायचं. बाया आधी बघायला आल्या, मग खायला, मग डबा घेऊन गेल्या.

पुढं मोर्शीपर्यंत तुमचे डबे पोचले. म्हशीपुढं टाकायची ती सरकी ट्रकांनी येऊ लागली. पोरांना कामं लागली, हेही खरं. आणि गावोगावचे घाणे बंद पडले, हेही खरं. त्यात देवमनभाऊंचा घाणा होता. ते तेव्हापासून अम्मीशी बोलत नव्हते.

समारंभाच्या आदल्या दिवशी अम्मी म्हणाली, "नियाज, देवमनभाऊकडे जा. घरच्यापुरतं काढते तो अजून. जवसाचं तेल आण."

"तो देईन तुले?"

"इचारून तं पाय."

मी निरोप देऊन आलो, अन् समारंभाच्या सकाळी देवमनभाऊ स्वतःच डबा घेऊन आले. "रजियाबी, माहा घाणा तूनंच बंद पाडला."

"म्हून तं तुले बोलावलं. माही गाडी उठवून राहिले आता. टाक कढईत."

आत मांडवात भाषण चालू होतं. जवसाचा वास तुमची भिंत ओलांडून गेला. आधी ड्रायव्हर आले, मग कामगार, मग छातीवर फुलं लावलेले पाहुणे. शेवटी तुम्ही आलात, साहेब, तोंड लाल करून.

"मावशी, आमच्या गेटवर दुसऱ्याचं तेल? काही लाज?"

"गेट तुमचं आत हाये. हा रोड हाये," अम्मी म्हणाली. "घ्या, गरम हाये."

पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना. तुम्ही खाल्लं. मग न मागता दुसरं उचललं. देवमनभाऊंनी विचारलं, "कसं हाये साहेब? जितं हाये ना तेल?" सगळे हसले, तुमचे पाहुणेसुद्धा.

कागदाला हात पुसत तुम्ही म्हणालात, "गाडीचं बघतो." त्यानंतर ना तुम्ही दिसलात, ना निरोप आला. गाडी जागेवरच आहे, आणि बोर्डही.

तर मी आता सरळ विचारतो. वऱ्हाडानं पहिल्या दिवसापासून तुमचं तेल स्वीकारलं असेल, तर माझ्या अम्मीला या गेटवर कोणी बसवलं, आणि काहून? 'बघतो' चालणार नाही. उत्तर पाहिजे, आणि ते गाडीवर येऊन, तिच्या तोंडावर द्या.