बोट कुठे ठेवायचं

खाच अजून तिथंच होती. नारिंगी कडेवरून अंगठा फिरवताना ती मध्येच लागायची — नखाएवढी, ओबडधोबड, कधीतरी विजेच्या खांबावर आपटून पडलेली — आणि लागली की सिद्धीला बरं वाटायचं. चार महिने ही फेकायची डिस्क कपाटावर पडून होती. तिच्यावर बसलेली धूळ तिनं आत्ताच ओढणीनं पुसली, पण खाच काही भरून आली नव्हती. प्लॅस्टिकचं काय भरून येणार... असं मनात आलं आणि तिला स्वतःचंच हसू आलं. संसार सोडायला निघालेल्या मुलीनं प्लॅस्टिकच्या थाळीची विचारपूस करावी!

"चल, शेवटचं एकदा खेळून येऊ," कल्पेशदादा सकाळी म्हणाला होता. दूध घेऊन येऊ म्हणावं, तितक्याच सहज. शेवटचं. आज दिवस मावळायच्या आत तो उपाश्रयात, जैन साध्वीजींच्या मुक्कामी, जाऊन सांगणार होता की आमच्या सिद्धीच्या दीक्षेला घरची आज्ञा आहे. चातुर्मास संपला होता, उद्या सकाळी साध्वीजी मंचरकडे पायी विहार करणार होत्या, आणि त्याआधी त्यांना घरच्यांचा शब्द हवा होता. पप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा शब्द दादाचाच. त्यानं हो म्हटलं की मुहूर्त निघणार. मग केस जाणार, पांढरी वस्त्रं येणार, अनवाणी चालणं येणार, आणि नारायणगावातलं हे घर म्हणजे वाटेत लागणाऱ्या घरांपैकी एक घर. तो हो म्हणणार हे तिला ठाऊक होतं. सगळेच हो म्हणत होते. तिला एक, फक्त एक माणूस नको म्हणणारा हवा होता — आणि हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं, धड स्वतःलासुद्धा नाही.

वारूळवाडीच्या मागच्या माळावर स्कूटर लावून दादा पुढं चालला होता. बाभळीपासून इंजिनघरापर्यंत, इंजिनघरापासून खांबापर्यंत, आणि शेवटी बोरीच्या फांदीला टांगलेल्या बांबूच्या पाटीत डिस्क पडेपर्यंत — ज्यानं कमी वेळा फेकली तो जिंकला. खोडदला मोठ्या दुर्बिणीच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनियर पाइपाच्या फिटिंगसाठी सारखा दादाच्या दुकानात यायचा. त्यानं दादाला हा खेळ शिकवला आणि जाताना दोन डिस्क देऊन गेला. दादानं तो सिद्धीला शिकवला. ती तेव्हा शाळेत होती. पप्पा नुकतेच गेले होते, घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि दर रविवारी हा भाऊ तिला माळावर आणून म्हणायचा, फेक, जोरात फेक. त्या फेकण्यानंच आपण जगलो असं तिला पुढं कितीदा वाटलं होतं. मग यंदा चौमासात तिनं नियम घेतला, हिरव्यावर पाय द्यायचा नाही, त्यात जीव असतात म्हणून. दादा रविवारी एकटाच यायचा, एकटाच फेकायचा, एकटाच जाऊन उचलून आणायचा म्हणे... आता गवत पिवळं पडलं होतं, तरी ती मळलेल्या पायवाटेवरूनच चालत होती.

"बोटं जोड," दादा म्हणाला. "दोन्ही. आतल्या कडेला घट्ट दाब. वरून अंगठा. तळहात आभाळाकडे, कोपर अंगाशी, आणि नुसता मनगटाचा झटका." हे तो दर वेळी सांगायचा. तिला पाठ होतं हे माहीत असूनही सांगायचा, आणि ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान हलवायची.

तिनं तर्जनी आणि मधलं बोट जोडून कडेला दाबली. लगेच नखाच्या बाजूला ते ओळखीचं दुखणं सुरू झालं. दादाचा पंजा रुंद, बोटं लांब. त्याच्या हातात ही पकड शोभते. तिच्या बोटावर कड रुतायची, रविवारी रात्री घास तोडतानाही जाणवायची.

"दुखत नाही ना?"

"नाही."

मी नाहीच म्हणते. दुखतं का विचारलं की माझ्या तोंडून नाही येतं, विचार करायच्या आधीच. खोटं बोलायचं म्हणून नव्हे... तो इतक्या मायेनं विचारतो, की दुखतं म्हटलं तर त्याच्या शिकवण्यालाच नाव ठेवल्यासारखं होईल. तो हिरमुसेल. आणि दादा हिरमुसला की घरात पुन्हा कुणी मोठ्यानं बोलणार नाही, अशी काहीतरी भीती. किती जुनी भीती ही! आणि किती खुळी.

डिस्क थरथरत गेली आणि बाभळीच्या अलीकडंच उजवीकडं कलंडली. दादाचीही आज नीट जात नव्हती. एरवी खांब ओलांडणारा हा माणूस, आज त्याची थाळी इंजिनघराच्या पत्र्यावर वाजली. तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि डिस्क उचलायला वाकायचा. बोल ना, तिला वाटायचं. म्हण की, सिद्धी, नको जाऊस. एवढंच म्हण. पुढचं सगळं मी बघते.

"काय वं ताई, लई दिसांनी!" माळाचे मालक गेणभाऊ म्हैस घेऊन आले होते. या खेळाची त्यांना कायम गंमत वाटायची. जेवायच्या थाळ्या फेकून देणारी शहाणी माणसं म्हणून ते सगळ्यांना सांगायचे. "आमाला वाटलं तुमी गेला बी."

"अजून आहे, गेणभाऊ."

"आईकलं म्या. महाराज व्हनार म्हनं तुमी." त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात टेकवला. "मोठं काम हाय, आमाला काय त्यातलं कळत न्हाई. पर आमच्या घरची पोर असती ना, तर म्या या म्हशीच्या दाव्यानं बांधून ठिवली असती."

सिद्धी हसली. हसता हसता तिचे डोळे एकदम भरून आले आणि तिनं मान फिरवली. घरातल्या कुणी म्हणावं म्हणून महिनाभर जीव टांगून ठेवला, ते हे गेणभाऊ म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणून मोकळे झाले होते.

"असं बोलू नये गेणभाऊ," दादा अगदी गंभीरपणे म्हणाला. "कुणाच्या चांगल्या वाटेत आपण आडवं येऊ नये. त्याचं पाप लागतं."

"म्या कुठं आडवा येतोय राव? म्हस आडवी आलीया."

म्हैस खरंच पाटीखाली जाऊन उभी राहिली होती.

अंतराय. पाप लागतं म्हणताना दादाच्या मनात हाच शब्द होता. दुसऱ्याच्या धर्माच्या वाटेत अडसर घातला तर ते कर्म आपल्याला बांधतं, हे लहानपणापासून दोघांनी प्रवचनात शेजारी शेजारी बसून ऐकलेलं. म्हणून तो नको म्हणणार नव्हता. त्याला वाटत नव्हतं असं थोडंच होतं! त्याचं नको त्याच्या घशात कुठंतरी होतं आणि धर्मभीरू माणसासारखं तो ते तिथंच अडवून धरत होता. राग यावा तर कुणाचा? तिला दादाचा राग आला. इतका चांगला का आहेस, असा राग.

म्हैस हाकलायला दोघं पुढं गेले तेव्हा ती खांबापाशी एकटी राहिली. तिनं डिस्क हातात घेतली — दुखऱ्या बोटानं. आणि सहज, कुणी बघत नाही म्हणून, तर्जनी कडेवरून सोडवली आणि थाळीच्या पोटाखाली मोकळी पसरली. कडेला मधलं बोट एकटंच, तेही नखाशी नाही, पेरावर. कड रुतली नाही. थाळी हातात डळमळेल असं वाटलं होतं, ती उलट बसली. तिनं फेकली. फार लांब नाही गेली, पण थरथर नाही, कलंडणं नाही... सरळ गेली आणि पाटीत पडली.

"अगं!" दादा ओरडला. "कशी टाकलीस?"

"तू शिकवलीस तशीच."

का म्हणाले मी असं?

*

दुपारी मम्मीनं — प्यारीबाईनं — दीक्षेआधी नेसायचा लाल शालू पलंगावर पसरला होता. "मुहूर्त निघायच्या आत कशाला काढलास," असं सिद्धी म्हणाली, पण मम्मीला धीर नव्हता. मध्येच डोळे पुसायची, मध्येच उजळायची. "माझी कूस उजळली गं," म्हणायची; आणि हे ती मनापासून म्हणत होती, त्यामुळं सिद्धीला पुढं बोलताच येईना.

वरघोडा, दीक्षेची मिरवणूक, निघेल, सजवलेल्या गाडीतून वर्षीदान द्यायचं असेल. सिद्धीनं ते लहानपणी मंचरला पाहिलं होतं. गाडीत उभी राहून एक मुलगी दोन्ही हातांनी तांदूळ, नाणी, कपडे उधळत होती, आपलं म्हणून जे काही होतं ते सगळं, आणि हसत होती. ते हसू खरं होतं. सिद्धीनं पुढं कितीदा तपासून पाहिलं ते आठवून, खोट सापडली नाही. तिला तेव्हा वाटलं होतं, असं हसता आलं पाहिजे.

"हात आखडू नकोस उधळताना," मम्मी म्हणाली. तिनं डब्यातले तांदूळ काढून सिद्धीच्या मुठीत भरले, तिची बोटं एकेक करून मिटवली. "अशी मूठ. बाजूनं, मनगटातून. म्हणजे लांब जातं, मागं उभ्या असलेल्यांनाही मिळतं."

मम्मी तिचं मनगट धरून शिकवत होती. सकाळी दादा, दुपारी मम्मी. माझा हात कुणी धरला नाही असं कधी झालंच नाही, आणि धरायचा तिथं मात्र कुणी धरत नाही... हा विचार तिला आवडला नाही. तो कृतघ्न होता. ज्यांच्यामुळं आपण उभ्या आहोत त्यांच्याबद्दल असं मनात यावं?

आणि सुरुवात तर तिनंच केली होती. पर्युषणात आठ दिवसांचा उपवास केला, शेवटच्या दिवशी अंग इतकं हलकं, मन इतकं स्वच्छ झालं होतं की साध्वीजींनी नुसती "साता आहे ना?" अशी खुशाली विचारली तरी रडू येत होतं. पारण्याला एक मावशी म्हणाली, हिच्या चेहऱ्यावर दीक्षेचे भाव दिसतात. सगळ्या बायका वळल्या. आणि ती म्हणाली, हो. खोटं नव्हतं ते. त्या क्षणी ते शंभर टक्के खरं होतं. पण लगेच, "अनुमोदना, अनुमोदना!" — मिठ्या, डोळ्यांत पाणी, गावभर बातमी, आणि तिचा तो एका दिवसाचा हो सगळ्यांनी मिळून इतका मोठा केला, की नंतर तो तिच्या ओळखीचा राहिला नाही.

तिनं मूठ उघडली. तांदूळ पुन्हा डब्यात ओतले.

*

दिवस कलायच्या आधी जेवून ती आणि दादा उपाश्रयात गेले. साध्वीजी भिंतीशी बसून उद्याच्या विहारासाठी पात्रं बांधत होत्या. दोघांनी वंदन केलं. दादानं घसा साफ केला. तिनं त्याच्या पाठीकडं पाहिलं — शर्टावर घामाचा डाग होता — आणि मनात म्हटलं, आत्ता. आत्ता तरी म्हण.

"महाराजसाहेब," दादा म्हणाला, "आमची आज्ञा आहे." आवाज फाटला. त्यानं पुन्हा, नीट म्हटलं. "खुशीनं आहे."

साध्वीजींनी गाठ मारली, पात्रं बाजूला ठेवली आणि सिद्धीकडं पाहिलं. "घरच्यांचं ऐकलं. तुझं?"

"मी... घरच्यांनी हो म्हटलंय ना."

"ते मी ऐकलं गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू उद्या सांग. वेशीपर्यंत ये आमच्याबरोबर चालत. आणि उद्या नाही जमलं तरी काही बिघडत नाही. मंचर कुठं लांब आहे?"

*

परत येताना स्कूटरवर ती दादाच्या मागं बसली होती. तो हळू चालवत होता. उसाच्या ट्रॉल्या पारगावच्या कारखान्याकडं निघाल्या होत्या, त्यांच्या मागं मागं, एकही गाडी न ओलांडता. आता कुणी नको म्हणणार नव्हतं. जो एक म्हणू शकला असता त्यानं खुशीनं हो म्हटलं होतं, आणि त्याला खुशी नव्हती. तिला वाटलं होतं, असं झालं की रडू कोसळेल. तसं झालं नाही. नुसतं असं वाटलं — पाठीमागं भिंत आहे म्हणून टेकायला जावं आणि भिंत नसावी. मला राहायचंय का? ठाऊक नाही. जायचंय? तेही... त्या गाडीतल्या मुलीचं हसू अजून हवं होतं, आणि हा माळ, ही स्कूटर, हा घामेजलेला शर्टही हवा होता. इतके दिवस ती दादाचं नको शोधत होती. स्वतःचं काय आहे हे तिनं उघडून पाहिलंच नव्हतं. मांडीवर उजव्या हाताची तर्जनी आपोआप मोकळी पसरली होती.

"दादा."

"हं."

"माझं बोट दुखायचं. तू सांगतोस तशी धरली की."

स्कूटर आणखी हळू झाली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

तो कडेला थांबला. वळला नाही. ट्रॉल्या शेजारून जात राहिल्या, उसाची पानं त्याच्या खांद्याला घासून गेली. "मग सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात हिरमुसणं होतं, तिला भीती वाटायची तेच. आणि ते ऐकूनही काही कोसळलं नाही. "दर वेळी विचारायचो ना मी. दर वेळी."

"हो. विचारायचास."

तो तसाच बसून राहिला, एक पाय रस्त्यावर टेकवून. इंजिन चालू होतं. सिद्धीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. एक वाक्य बाहेर पडलं होतं, आणि त्याच्या मागून दुसरं घशाशी येऊन उभं राहिलं होतं. ते काय आहे हे तिला अजून कळत नव्हतं. पण ते तिचं होतं, आणि या खेपेला 'नाही' म्हणून ते गिळायचं नाही एवढं मात्र तिनं ठरवलं.