त्या सकाळचे चार आकडे

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. बोटावरच्या थेंबातून रक्तातली साखर मोजतो. माझा एक कोपरा फुटलाय, पडद्यावर चरा पडलाय, पण अजूनही पाच सेकंदांत खरा आकडा सांगतो. त्यापायी मी शिव्या खाल्ल्या आहेत, मित्रांनो, आणि पुन्हा खायची तयारी आहे!

कारखान्यात आम्हा सगळ्यांची परीक्षा झाली. एक बाई प्रत्येकाला साखरेच्या पाण्याचा थेंब द्यायची. त्यात साखर किती, ते तिला आधीच ठाऊक असायचं. बरोबर आकडा सांगेल तो खोक्यात, चुकेल तो भंगारात. मी खोक्यात गेलो. उगाच नाही गेलो.

मला घरी आणलं एका बसड्रायव्हरने. डेपोत त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणायचे. अठ्ठावीस वर्षांत गाडीच्या आरशालासुद्धा त्यांनी ओरखडा येऊ दिला नव्हता. सुरुवातीला माझं कौतुक काय विचारता! एकशे दहा आलं की मला डेपोत नेऊन मिरवायचे. एकशे नव्वद आलं की तेच मशीन भिकार! साखर वाढली त्यांची, खापर फुटलं माझ्यावर. शेवटी मला टेबलाच्या खणात टाकलं, वाकड्या चमच्यांत आणि जुन्या किल्ल्यांत. आठ महिने मी तिथे पडून होतो. डोळे झाकून साखर उतरत नाही, हे मी खणातून सांगणार कुणाला?

मग डेपोच्या वार्षिक तपासणीत व्हायचं तेच झालं. डॉक्टरबाईंनी बजावलं, "मंगळवारी सकाळी उपाशीपोटी मोजा आणि मीटर घेऊन या. आकडा आटोक्यात असला तरच फिटनेसच्या कागदावर सही. नाहीतर तीन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

उस्तादांच्या तोंडचं पाणीच पळालं. गाडी हा त्यांचा जीव होता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते घरात दोन्हीकडे बघून वळायचे.

मंगळवारी सकाळी त्यांनी मला बाहेर काढलं, नवी पट्टी बसवली आणि स्वयंपाकघरात बायकोपुढे जाऊन उभे राहिले.

"अगं, जरा बोट दे."

"माझं? कशाला?"

"तुला कुठे काय झालंय? मशीनला काय कळतंय बोट कुणाचं ते!"

माझा नुसता संताप झाला. बाईही म्हणाल्या, "अहो, ही लबाडी झाली." पण नवऱ्याचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना. त्यांनी हात धुतले, पुसले आणि बोट पुढे केलं. सुई टोचली, थेंब आला. मी पाच सेकंद घेतले आणि सांगितलं, दोनशे अडुसष्ट.

"बिघडलंय हे डबडं!" उस्तादांनी मला ओट्यावर आपटलं. कोपरा फुटला तो तेव्हा. मग नवी सुई, नवी पट्टी आणि त्यांचं स्वतःचं बोट. दोनशे बारा. पुन्हा बाईंचं बोट. दोनशे एकाहत्तर. आपटा की हवं तितकं! जे आहे तेच सांगणार.

आवाज ऐकून लेक आली. कामावर निघायच्या गडबडीत होती. "मशीनवर कशाला राग काढताय, बाबा? माझं बघा."

ब्याण्णव.

लेकीने आईच्या पायाकडे बघत विचारलं, "आई, टाचेची ती जखम कधीची गं?"

"होईल बरी. दोनच तर महिने झालेत."

"आणि सारखं पाणी पितेस ते?"

"उकडतंय किती!" बाई हसायला गेल्या, पण हसू काही आलं नाही. नवऱ्याच्या गोळ्या, नवऱ्याचं पथ्य, सगळं त्या घड्याळ लावून सांभाळायच्या. त्यांची साखर मोजावी, असं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मला त्या घराचा फार राग आला आणि बाईंसाठी वाईटही वाटलं.

दवाखान्यात उस्तादांबरोबर बाईही आल्या. डॉक्टरबाईंनी माझं बटण दाबलं. माझ्याकडे सगळं तारीखवार, वेळेसकट असतं.

"एका सकाळी चार आकडे? यातला तुमचा कोणता? ब्याण्णव असेल तर आत्ता सही करते."

"ब्याण्णवच यांचं!" बाई घाईघाईने म्हणाल्या.

उस्तादांनी पेनाकडे बघितलं, मग बायकोच्या पायाकडे. मला वाचा असती तर मी ओरडलोच असतो. तेवढ्यात त्यांनी कागद डॉक्टरबाईंच्या हाताखालून ओढून घेतला.

"ब्याण्णव लेकीचं. दोनशे बारा माझं. त्याहून मोठे दोन्ही हिचे आहेत. माझी सही राहू द्या, डॉक्टर. आधी हिची टाच बघा."

मित्रांनो, आकडा चढला तर माझ्याशी भांडू नका, डॉक्टरांकडे जा. आणि घरात दुसऱ्याच्या गोळ्या सांभाळणारं कुणी असेल, तर एक पट्टी त्यांच्यासाठीही काढा. हल्ली रोज सकाळी ओट्याशी दोन बोटं पुढे येतात, दोघांच्या सुया वेगळ्या. बाईंची जखम भरत आलीय. उस्तादांना अजून गाडी मिळालेली नाही, डेपोत टेबलाचंच काम करतात. काल त्यांचे एकशे पंचाहत्तर आले, तर पुन्हा मला डबडं म्हणाले. म्हणू देत! उद्याही मी खरंच सांगणार आहे.