बेडकाच्या गाण्यातला वरचा सा

माझ्या बेडकाचं गाणं एका खारीच्या गाण्यावरून ढापलंय, ही बातमी जगाला सोमवारी सकाळी कळली. मलाही तेव्हाच कळली.

बेडूक म्हणजे मी संगीत दिलेल्या पहिल्यावहिल्या कार्टूनपटाचा नायक. खार आठ महिन्यांपूर्वीच्या दुसऱ्या एका कार्टूनपटातली. कुणा रिकामटेकड्याने दोन्ही गाणी एकामागोमाग जोडून इंटरनेटवर टाकली होती. मी ती पुन्हा पुन्हा ऐकली. चाल तीच. शेवटी एकदम वरच्या सा वर मारलेली उडीसुद्धा तीच. त्या सा बद्दल मी मुलाखतीत सांगून बसलो होतो, की ती माझ्या एकाकी बालपणाची हाक आहे.

निर्माता इंद्रजितने फोनवर आवाज चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. चाल माझीच असल्याचं मी करारात लिहून दिलं होतं. शुक्रवारपर्यंत खुलासा कर, नाहीतर गाणंही जाईल आणि तुझं नावही, एवढंच तो म्हणाला. खारीचं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं, पण हे मी तरी खरं मानलं असतं का?

मी राहतो पुण्याजवळच्या मारुंजीत, गेणबा आणि रत्नाबाईंच्या गच्चीवरच्या खोलीत. चारी बाजूंनी सोसायट्या उठल्यात, पण अंगणात रत्नाबाईंच्या कोंबड्या अजून आहेत. गुरुवारी दार उघडं टाकून दोन्ही गाणी स्पीकरवर आलटून पालटून लावत बसलो होतो, तर जिन्यावरून कोंबड्या वर आल्या. बेडूक लावला, चार आल्या. खार लावली, उरलेल्या आल्या. त्यांच्या मागून रत्नाबाई आल्या.

"माज्या कोंबड्यांस्नी कोण बोलवतंय?"

मग डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी मी अर्धवट झोपेत असताना खाली त्यांची हाक चालते, "या गं या, सटव्यांनो या." आणि मी समजत होतो मला चाल सुचली! माझ्याआधी या खोलीत एक स्वरदा राहायची, तीपण दिवसभर पेटी बडवायची, असं रत्नाबाईंनी सांगितलं. खारीची संगीतकार स्वरदाच. तिला फोन केला, तर आपणच कुठून चाल ढापली की काय या धास्तीने तीही सोमवारपासून झोपली नव्हती. दोघंही खूप हसलो.

हे कळल्यावर इंद्रजित तर खूशच झाला. म्हणाला, दोन्ही सिनेमांत 'चाल: पारंपरिक' असं टाकू, कुणी चोर नाही, विषय संपला. मी पेढे घेऊन अंगणात गेलो आणि रत्नाबाईंना सगळं सांगितलं.

त्यांनी पेढा हातातच धरला. "पारंपरिक म्हंजे कोण?"

म्हटलं, कुणी नाही. म्हणजे जुनं, आपोआप चालत आलेलं.

"जुनं कुटलं? सासू नुसती ती ती ती करायची. ही म्या केली, ती पांढरी आणली तवा. बहिरी हाय ती. शेवटाला वर चढवल्याबिगर तिला ऐकूच जात न्हाई."

म्हणजे माझं एकाकी बालपण त्या बहिऱ्या पांढरीचं होतं. हसू आलं आणि लाजही वाटली. खारीकडून न चोरल्याच्या आनंदात मी रत्नाबाईंच्या चालीची चोरी मिटवायला निघालो होतो, तीही पेढे वाटून.

तिथेच उभं राहून इंद्रजितला फोन लावला. पारंपरिक काढ, 'संगीत: रत्नाबाई गेणबा बुचडे' असं लिही, म्हटलं. करार मोडतोयस, पहिल्या सिनेमाचा संगीतकार तू राहणार नाहीस, हे त्याने दोनदा समजावलं. दोन्ही वेळा हो म्हणालो, दुसऱ्यांदा जरा हळू. स्वरदालाही तसंच कळवलं. तिने आधी एक उसासा टाकला, मग तीही हो म्हणाली.

रत्नाबाई सगळं ऐकत होत्या. "मंग तुजं नाव कुटं?"

"खाली, मावशी. पेटीवाला म्हणून."

त्यांनी पेढ्याचा तुकडा मोडून आधी पांढरीला टाकला, मग उरलेला तोंडात घातला.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पेटी बरी वाजीवतोस तू."