मी पंक्चर नव्हते!

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट साफ सांगून टाकते. त्या दिवशी मी पंक्चर नव्हते. भगवंतराव गुरुजींची सायकल दिवसभर पंक्चर होती, असं पांढुर्ण्यात अजूनही काही लोक सांगतात. साफ खोटं आहे! मी एक जुनी सायकल आहे. माझी घंटी बसली आहे, मडगार्ड गंजलं आहे, हे सगळं कबूल. पण न केलेल्या गुन्ह्याचं खापर मी माझ्या डोक्यावर का म्हणून फोडून घेऊ?

सौंसरच्या एका दुकानात १९५९ साली माझे सुटे भाग जोडले गेले. गुरुजींना रामाकोन्याच्या शाळेत नोकरी लागली होती, म्हणून त्यांनी मला घेतलं. पुढे लोधीखेडा झालं, मोहगाव झालं आणि शेवटी पांढुर्णा. बदली गुरुजींची, पण धूळ दोघांनी खाल्ली. दर रविवारी ते मला अंगणात उलटी करून साखळीला तेल द्यायचे आणि म्हणायचे, "वर्गातल्या पोरांपेक्षा ही जास्त ऐकते." मी मनातल्या मनात फुगायचे.

मग गुरुजी निवृत्त झाले आणि मी टिनाच्या छपराखाली गेले. गुरुजींची सून वंदना माझ्यावर गोधड्या वाळत घालू लागली. एवढी गावं फिरलेली मी, आणि माझी वलणी झाली! फार वाईट वाटायचं. पण सांगता कुणाला?

गुरुजींचंही बरं नव्हतं. त्यांचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून पाहू, पण खात्री देता येत नाही." १९८४ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मंगळवारी सकाळच्या बसने नागपूरला जायचं ठरलं. सोमवारी गुरुजींचा मुलगा अरविंद बँकेत गेला. वंदना दळण घेऊन चक्कीवर निघाली आणि जाता जाता बजावून गेली, "मामाजी, एकटे बाहेर जायचं नाही हं. कुठं पडले-बिडले तर?"

ती वळली न वळली तोच गुरुजींनी माझ्यावरची गोधडी ओढून काढली. कोपऱ्यातला पंप चाचपडून घेतला, दोन्ही चाकांत हवा भरली आणि माझं हँडल घट्ट धरलं. "चल," ते हळूच म्हणाले. "उद्यापासून दिसलं तर दिसलं. आज गाव पाहून घेऊ. पण एकट्यानं. कुणी हात धरून फिरवलं ना, तर माणूस त्या हाताकडेच पाहत राहतो."

मी खूश झाले. आता टांग मारतील, मग बसतील! पण छे. ते पायीच चालू लागले, मला धरून, अंगाचा अर्धा भार माझ्यावर टाकून. दहा पावलांत माझ्या लक्षात आलं. माणसाला काठी घ्यायची लाज वाटत होती, म्हणून त्याने माझी काठी केली होती. असा राग आला म्हणता! वंदनाची वलणी परवडली.

गल्लीच्या तोंडाशीच पहिला प्रश्न आला. "काहून पायी चालले गुरुजी? पंक्चर झाली का जी?"

"हो ना," गुरुजी म्हणाले. "हवा गेली."

माझी दोन्ही चाकं ठणठणीत फुगलेली, आणि हे खुशाल सांगून राहिले की हवा गेली! मग काय, गावाला विषयच मिळाला. शाळेपुढे तेच, देवळापुढे तेच. गुरुजी शाळेच्या भिंतीला नाक लावून पाटी वाचत उभे होते, तेव्हाही एकाने विचारलंच.

स्टेशनवर ते बराच वेळ बाकावर बसले. एक गाडी न थांबता धडधडत गेली, तिचे डबे त्यांनी मान वळवून वळवून पाहिले. मग आम्ही संत्रा मंडीत गेलो. तिथं मनकर्णाबाई ढिगापुढे बसून लहान-मोठी फळं वेगळी करत होत्या. त्यांनी एक मोठा संत्रा गुरुजींच्या हातात ठेवला. गुरुजींनी तो सोलला नाही. डोळ्याला टेकवण्याइतका जवळ धरला आणि फिरवून फिरवून पाहू लागले.

"काय जी गुरुजी, संत्रा पहिल्यांदाच पाहून राहिले का?" मनकर्णाबाई हसल्या.

"पहिल्यांदाच पाहून राहिलो, बाई," गुरुजी म्हणाले. "आजवर नुसते खाल्ले."

बाई हसत सुटल्या. मी मात्र हसले नाही. संत्रा खिशात घालून गुरुजींनी माझी मूठ चाचपली, ती दुसऱ्या खेपेला त्यांच्या हाताला लागली. माझा राग तिथंच गेला.

दुपार उलटली. गुरुजींना शेवटी जाम नदीच्या पुलावर जायचं होतं. पलीकडचं सावरगाव त्यांच्या जन्माचं गाव. दिवस मावळायच्या आत तो काठ एकदा पाहायचा होता. वाटेत मनोहरचं सायकलचं दुकान लागलं. मनोहर गुरुजींचा जुना विद्यार्थी. दुकानापुढे पुंडलिकराव बसलेले. हा गृहस्थ म्हणजे नसत्या चौकशा. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"गुरुजी, सकाळपासून ऐकून राहिलो, पंक्चर आहे म्हणून. पण चाकं तर मस्त फुगलेली दिसून राहिली! तुम्हाला दिसत नाही का? थांबा, अरविंदला बँकेतून बोलावतो. तो नेईल घरी हात धरून."

गुरुजींचा चेहरा उतरला. ते काही बोलायला गेले, पण पुंडलिकरावांऐवजी दुकानाच्या खांबाकडे पाहून बोलू लागले. पूल दोनशे पावलांवर होता आणि आता सगळं संपत आलं होतं.

मनोहरने खांबाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. मग तो माझ्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला, पुंडलिकरावांकडे पाठ करून. बोटाने माझा टायर दाबला. दगडासारखा! आणि मित्रांनो, त्या पठ्ठ्याने गुपचूप माझ्या चाकाची हवेची वाल ढिली केली. फुस्स!

"अहो पुंडलिकराव, चष्मा बदला," तो उठत म्हणाला. "हे पाहा, बसला ना टायर? चांगला मोठा पंक्चर आहे जी. आणि गुरुजी, माझ्याजवळचं पंक्चर चिकटवायचं सोल्युशन संपलं. आज पायीच न्यावी लागते."

पुंडलिकराव चाकाकडे पाहतच राहिले. अरविंदला बोलावायचं राहूनच गेलं.

रिकाम्या चाकावर रस्त्याचा खडा न् खडा रिमला लागत होता. दुखत होतं, पण मी कुरकुरले नाही. पुलावर गुरुजींनी मला कठड्याला टेकवलं आणि सावरगावाकडे तोंड करून उभे राहिले. घरं, झाडं, खाली पाणी. त्यांना किती दिसलं कोण जाणे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मग म्हणाले, "मनोहरनं हवा सोडली, ऐकलं मी. भूगोलात दरवर्षी नापास व्हायचा लेकाचा. आज पास केला."

नागपूरचं ऑपरेशन झालं. डोळा पुरता आला नाही. उजेड कळायचा, समोर माणूस उभा आहे हे कळायचं, चेहरा नाही. महिनाभर गुरुजी ओट्यावरच बसून होते. घरातलं कुणी हात धरायला आलं की झटकून टाकायचे. मग एका सकाळी त्यांनीच हाक मारली.

"वंदना, सायकल काढ. एक मूठ तू धर, एक मी धरतो. चल, तुला गाव दाखवतो."

"मामाजी, मी बारा वर्षांपासून याच गावात आहे जी," वंदना म्हणाली.

"म्हणून तर," गुरुजी म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्यावर कुणी गोधडी टाकली नाही. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरच्या सायकलीला तेल देत जा, पावसात उघडी टाकू नका, एवढं तर सांगतेच. आणि एखादा म्हातारा माणूस चांगली सायकल हाती धरून पायी चाललेला दिसला, तर तिची चाकं दाबून पाहू नका. "पंक्चर झाली का जी?" एवढंच विचारा. तो हो म्हणेल. त्याला जाऊ द्या.