चाळीस जणांचे दात

"शुक्रवारपर्यंत चाळीस रिव्ह्यू हवेत," भाचा म्हणाला. "आणि मावशी, सगळे एका छापाचे नकोत. मधेच एखादी चूक टाक. खरं वाटायला पाहिजे."

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. तो कपाळावर गेला की ऑफिसातल्या उरलेल्या दोघांना एकदम तहान लागत असे. ते उठून गेले.

कुणी फोनवर 'जवळपास कवळी कोण बनवतं' असं शोधलं, तर आपल्या गिऱ्हाइकाचं नाव यादीत वर दिसावं, एवढाच या ऑफिसचा धंदा. मालक भाचा. मावशी नोकर. घरी ती त्याला कान धरून बोलत असे आणि ऑफिसात 'साहेब' म्हणत असे, तेही इतक्या गांभीर्याने की त्याला दर वेळी आपण काहीतरी चोरून आणलंय असं वाटे.

"लिहिते की, साहेब," मावशी म्हणाली. "पण लिहितंय कोण?"

"म्हणजे? तूच."

"मी एक झाले. उरलेले एकोणचाळीस कोण?"

"कुणीही. नावं काय, सुचतील तशी घाल."

"नावं सुचतील हो. त्या चाळीस जणांचे दात कुठायत?"

भाच्याने डोळे मिटले. तो वाईट मुलगा नव्हता. डोळे मिटून दहापर्यंत मोजायला त्याला मावशीनेच शिकवलं होतं, आणि आता तो तिच्यावरच ते वापरत होता. सातपर्यंत पोचून त्याने परिस्थिती सांगितली. ऑफिसचं गिऱ्हाईक असलेल्या कवळीवाल्यांचा करार महिनाअखेर संपत होता. ते यादीत चौथे होते. पहिला नंबर नाक्यावरच्या चकचकीत दवाखान्याचा, त्याच्या नावावर तीनशेवर रिव्ह्यू, सगळ्यांचे पाच तारे. कवळीवाल्यांचे सात. वर्षात तीन गिऱ्हाइकं ऑफिस सोडून गेली होती. हे चौथं गेलं तर खुर्च्या विकाव्या लागतील.

"त्या तीनशेतला एक तरी खरा आहे का?" मावशीने विचारलं.

"नाहीये, मलाही माहितीये. पण पहिला तोच आहे ना? तुझ्या सात खऱ्यांनी काय होतंय? दात कोरून पोट भरत नाही, मावशी."

मग त्याला एकदम युक्ती सुचली. "बरं, चाळीस राहू दे. तू स्वतःचा तरी लिही. तुझी कवळी त्यांनीच बनवलीय. तो तर खोटा नाही ना?"

"मी त्यांचं काम करते. त्यांच्या करारातून माझा पगार निघतो. मी कसं लिहू?"

"कुणाला कळणारे?"

"मला," मावशी म्हणाली आणि चष्मा खाली घेतला. याचा अर्थ बैठक संपली, असा होता. मालक कोण, हा प्रश्न त्या ऑफिसात नेहमी चष्म्याच्या जागेवरून सुटत असे.

हा आडमुठेपणा मावशीने फार वर्षांपूर्वी, सरकारी पगारावर कमावला होता. बावीस वर्षं ती टेलिफोन डिरेक्टरीच्या कचेरीत होती. तिचं काम एकच: छापायच्या आधी प्रत्येक नंबर फिरवून बघायचा, पलीकडे खरंच माणूस आहे का ते ऐकायचं, आणि असला तर यादीत बरोबरची खूण करायची. माणूस नसला तर नाव कापायचं. त्यामुळे आज तिला जे कुणी 'नवीन तंत्र' म्हणून दाखवी, त्याचे आजोबा तिने पाहिलेले असत. यादीत पहिलं यावं म्हणून एका रंगाऱ्याने दुकानाच्या नावाआधी दोन 'अ' लावले होते. दुसऱ्याने तीन लावले. शेवटी एकाने सात लावले. मावशीने त्याला फोन केला, तर तो म्हणाला, मी रंगारी नाही, रंगारी माझा मेहुणा, पण त्याचं नाव 'झ'वरून आहे. मावशीने साती 'अ' कापले आणि मेहुण्याला त्याच्या 'झ'वर नेऊन बसवलं. त्या वर्षी सगळ्यात जास्त काम त्या मेहुण्याला मिळालं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मिळालं नाही. पण ज्याने फोन केला त्याला रंगारीच भेटला.

पुढे संगणकाने डिरेक्टरी खाल्ली. मावशीने संगणकच शिकून घेतला. ज्याने घर बुडवलं त्याच्याच दारात नोकरी मागावी, तसंच हे होतं. पण मागताना मान खाली घातली नाही की फारसं लागत नाही.

कवळीवाले गिऱ्हाईक झाले ते तिच्यामुळेच. चार वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे कवळी करायला गेली, आणि माप घेताना तोंड उघडं असल्यामुळे तिला त्यांचं सगळं ऐकून घ्यावं लागलं. गृहस्थ तीस वर्षं कवळ्या बनवत होते आणि तेवढीच वर्षं बोलत होते. यादीत ते तिसऱ्या पानावर होते, म्हणजे जवळजवळ तळघरात. महिन्याभरात भाच्याने करार केला. मावशीने तेव्हा एकच मागितलं: लोक कवळीबद्दल नेमकं काय शोधतात त्याची यादी.

यादी आली. 'कवळी टोचते काय करावं.' 'कवळी शिंकताना पडते.' 'कवळी घालून मुलाखत.' 'कवळी हरवली घरी काय सांगू.' 'लग्नाआधी सांगावं का कवळी आहे.' भाच्याच्या लेखी हे कीवर्ड होते. मावशीने ती यादी दोनदा वाचली आणि तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलोय. लोक शेजाऱ्याला विचारत नव्हते, डॉक्टरला विचारत नव्हते, दाराला कडी लावून यंत्राला विचारत होते.

मग महिनाभर रोज दुपारी ती कवळीवाल्यांच्या दुकानात जाऊन बसली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून होते. ती एकेक प्रश्न वाचे, ते कवळी घासत उत्तर देत, ती लिहून घेई. त्यातून दुकानाच्या वेबसाइटवर जे पान झालं, त्यावरचा पहिलाच प्रश्न होता, 'कवळी कधी करू नये?' आणि उत्तर होतं, 'स्वतःचा दात वाचत असेल तर. आधी दाताच्या डॉक्टरकडे जा, आमच्याकडे नंतर या.' भाच्याने ते वाचून कपाळाला हात लावला. आपण पैसे घेऊन गिऱ्हाईक हाकलतोय, असं त्याचं म्हणणं पडलं. पण त्या पानावर लोक थांबून वाचू लागले, कुणी ते आईला पाठवू लागलं, आणि दीड वर्षात दुकान तळघरातून पहिल्या पानावर, चौथ्या जागी आलं. यात कुठलीच युक्ती नव्हती. म्हणूनच भाच्याला ती दुसऱ्या गिऱ्हाइकांना विकता येत नव्हती.

सात रिव्ह्यूही तसेच आपल्या पायांनी आले होते. त्यातला एक तीन ताऱ्यांचा होता: 'कवळी चांगली. माणूस फार बोलतो.' कवळीवाल्यांनी तो काढायला सांगितला, तेव्हा मावशी म्हणाली होती, यात खोटं काय आहे? ते तिला अर्धा तास समजावून सांगत होते.

शुक्रवारपर्यंत मावशीने एकही ओळ लिहिली नाही. भाच्यानेही विचारलं नाही. तिला बरं वाटलं, आणि तिथेच तिचं चुकलं.

सोमवारी सकाळी रिव्ह्यू सातचे सत्तेचाळीस झाले होते.

मावशीने सवयीप्रमाणे सगळे वाचले. पहिला म्हणत होता, उत्तम सेवा. दुसरा म्हणत होता, खोल्या स्वच्छ होत्या. तिसऱ्याला पार्किंग भरपूर मिळालं होतं. नववा असा होता: 'सहकुटुंब आलो. सगळ्यांना आवडलं. मुलं तर पुन्हा जाऊ या म्हणून हट्ट धरून बसली आहेत.' भाच्याने जिथून हे घाऊक आणले, तिथे बहुधा हॉटेलांचा माल शिल्लक पडला असावा.

अकराच्या सुमाराला कवळीवाले स्वतःच आले. हातात फोन, कानाच्या पाळ्या लाल. काल त्यांनी ही प्रगती मोठ्या अभिमानाने बायकोला दाखवली होती. तिने नववा वाचून विचारलं होतं, तुम्ही मुलांना कवळ्या कधीपासून बसवायला लागलात?

भाच्याची मान खाली गेली. मावशीला वाटलं, आता हा माणूस बोलणार. तीस वर्षांचं बोलणं आज कारणी लागणार.

कवळीवाले खुर्चीवर टेकले, फोन पालथा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तो एक तेवढा काढा. आणि ते पार्किंगचं. बाकीचे... राहू देत की."

भाच्याने हळूच मान वर केली.

"काल तीन फोन जास्त आले, ताई," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तो नाक्यावरचा करतोच की. मी काय एकट्याने शहाणपणाचा मक्ता घेतलाय?"

मावशीची कवळी खाली डावीकडे टोचत असे. चार वर्षं टोचत होती. त्या क्षणी ती जरा जास्तच टोचली.

ती उठली नाही, आवाज चढवला नाही. तिने संगणक स्वतःकडे वळवला, पहिला रिव्ह्यू उघडला, 'तक्रार करा' वर बोट ठेवलं, कारणांच्या यादीतून 'प्रत्यक्ष अनुभव नाही' निवडलं आणि पाठवलं. मग दुसरा. डिरेक्टरीत नावं कापायची तशी, ना घाई ना राग. पाचव्यापर्यंत भाच्याला ती काय करतेय ते कळलं नाही. सहाव्याला तो खुर्ची ढकलून आला.

"मावशी, तू आपल्याच क्लायंटची तक्रार करतेस?"

"त्यांची नाही, साहेब. तुझी करतेय."

साहेब आणि तू एका दमात ती पहिल्यांदाच बोलली. कवळीवाले उठून उभे राहिले आणि, त्यांच्या आयुष्यात बहुधा प्रथमच, काही न बोलता निघून गेले.

"थांब," भाचा म्हणाला. "हे बघ, आपण बसून बोलू."

"बोल ना. कान मोकळे आहेत, हात तेवढे कामात आहेत." अकरावा. बारावा.

"ते यादीवाले काढतील सगळे. वर दुकानाला शिक्षा म्हणून खाली ढकलतील. चौथा नंबरही जाईल. तू स्वतः मिळवलेला!"

"हो ना," मावशी म्हणाली. "म्हणून तर मीच घालवतेय. तुला कशाला त्रास." तेरावा.

चाळीस व्हायला पाऊण तास लागला. भाचा तेवढा वेळ तिच्या मागे उभा होता. हात धरून तो तिला थांबवू शकला असता, पण त्या हाताला धरूनच तो रस्ता ओलांडायला शिकला होता, आणि काही गोष्टी माणसाला मालक झाल्यावरही जमत नाहीत.

"मग आता," तो शेवटी म्हणाला, "उद्यापासून तू..."

वाक्य तिथेच अडकलं. लहानपणी पाढे म्हणतानाही तो शेवटी असाच अडकत असे, आणि ती त्याला पुढचं सांगत असे. याही वेळी तिनेच सांगितलं.

"येत नाही," ती म्हणाली. पर्स घेतली, स्वतःचा कप धुऊन पिशवीत टाकला. दारात थांबून म्हणाली, "रविवारी तुझ्या आईकडे जेवायला भेटूच. तिला यातलं काही सांगू नकोस. आपलेच दात आणि आपलेच ओठ."

पंधरा दिवसांत चाळीसच्या चाळीस गेले. दुकान चौथ्या जागेवरून दुसऱ्या पानावर पडलं. कवळीवाल्यांनी भाच्याचा करार वाढवला नाही आणि मावशीलाही फोन केला नाही. या विषयावर दोघांवर रागवायला त्यांना पुरेसं कारण होतं, आणि ते त्यांनी वाया घालवलं नाही.

मावशी घरच्या टेबलावरून काम करू लागली. पहिलं गिऱ्हाईक एक पंप दुरुस्त करणारा. फोनवरच्या यादीत त्याच्या नावापुढे चुकून एका ब्यूटी पार्लरचा नंबर पडला होता, म्हणून तो तिच्या हाती लागला. तिने नंबर फिरवला नसता तर दोघांनाही कळलं नसतं. दुसरं गिऱ्हाईक ते पार्लर. फार नव्हतं. पण फोन केला की पलीकडे माणूस निघत होता.

दोन महिने गेले. एका दुपारी भाकरीचा तुकडा चावताना खालची डावी बाजू इतकी टोचली, की ती घास तसाच ठेवून बसली. खरं तर पहिल्याच महिन्यात जाऊन ती कड घासून घ्यायला हवी होती. पण तोवर ते गिऱ्हाईक झाले होते. त्यांनी पैसे घेतले नसते, आणि ज्याच्या नावासाठी आपण लिहितो त्याचं फुकट घेतलं की लिहिताना मिंधेपण येतं. म्हणून ती चार वर्षं उजवीकडून चावत होती.

आता ती त्यांची कुणी नव्हती. हे लक्षात आल्यावर तिला आधी वाईट वाटलं, आणि मग ती ताठ बसली. ताट बाजूला सारून तिने फोन घेतला.

लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी राहिलं ते असं: 'चार वर्षं वापरते आहे. बोलताना हलत नाही, हसताना पडत नाही. खाली डावीकडे टोचतं. दुरुस्त करून देतात, पण मी कधी सांगितलं नाही, ती माझी चूक. मी पूर्वी यांच्या जाहिरातीचं काम करत होते, आता करत नाही. चार तारे.'

पाठवण्याआधी पाचव्या ताऱ्यावर बोट क्षणभर थांबलं. मग नाहीच.

सातचे आठ झाले.

तासाभरात खाली उत्तर आलं. कवळीवाल्यांचं स्वतःचं असावं, कारण भाच्याने लिहिलेल्या उत्तरात 'आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल' असतं. यात तसलं काही नव्हतं.

'चार वर्षं? या. घासून देतो. बोलणार नाही.'

मावशीने दुकानाचा नंबर फिरवला. घंटा दोनदा वाजली, पलीकडून "हां, बोला ताई" असा आवाज आला. काही बोलण्याआधी, जुन्या सवयीने, तिने समोरच्या कागदावर बरोबरची खूण केली.