न धुतलेलं तोंड

"मग तू तिथे बसतेस कशाला? सासूसाठी एक शब्द लिहिता येत नाही?"

नेरेइदा, माझी सून, खाली मान घालून कॉफी ढवळत राहिली. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर जो आजार लिहितील, त्याला ठरलेला सांकेतिक क्रमांक देणं हे तिचं काम. माझ्या कागदावर नुसता 'डोळे आले' असा क्रमांक पडला. झालं! शाळेत जिच्या हातचा भात खाऊन निम्मं याउको गाव मोठं झालं, त्या मला मुख्याध्यापिकेनं शाळेच्या फाटकातूनच परत पाठवलं. म्हणे, पोरांना लागण होईल. शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्या जागी ओब्दुलिया नावाची दुसरी बाई. सोमवारी नवा कागद नाही दाखवला, तर ती कायमची.

"दोन्या एर्मिनिया, तुमच्या पापण्या सुजल्यात ते मला दिसतं. पण डॉक्टरांनी ते लिहिलेलं नाही. माझ्या मनानं कसं जोडू?" सून असली तरी मला आदरानं 'दोन्या', म्हणजे बाईसाहेबच म्हणते.

"मग सांग त्याला!"

"सांगायचं नसतं. पापण्या पाहिल्या का, काय दिसलं, एवढंच विचारायचं. उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही."

"मोठी आली नियमांची!"

तरी तिनं विचारलं. संध्याकाळी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "पापण्या स्वच्छ होत्या म्हणतात. तुम्ही जाताना काय केलं होतंत?"

काय करणार? चार माणसांत जायचं म्हणजे नीट जावं. कॅमोमाइलच्या फुलांच्या पाण्यानं पापण्यांवरची खपली पुसून काढली, पावडर लावली, इस्त्रीचा झगा घातला.

नेरेइदा खुर्चीत कोसळून हसायला लागली. "म्हणजे आजार घरी ठेवून गेलात! उद्या उठाल तशाच या."

"अशी? चौकातून?"

"अशीच."

सकाळी पापण्या चिकटलेल्या, कडांवर पिवळे खवले. मान ताठ ठेवून निघाले. बेकरीच्या दारातून चेबो ओरडला, "काय दोन्या, रात्र जोरात झाली वाटतं!"

"तुझा शिळा पाव खाल्ला, त्याचं हे फळ!"

डॉक्टर किन्योनेसनं दिवा जवळ आणला, बोटानं पापणी ओढली. "हे परवा कुठे होतं?"

"पुसलं होतं. तुझ्याकडे यायचं म्हणून."

"काकू, पुढच्या वेळी माझा एवढा मान राखू नका." तो हसला आणि लिहीत लिहीत मोठ्यानं बोलू लागला, "पापण्यांच्या कडांना सूज, तीच डोळ्यांवरच्या पातळ आवरणात उतरलेली. दोन्ही डोळे. साथीचा आजार नाही."

नेरेइदानं नवा क्रमांक घातला, कागद काढून हातात ठेवला. तिच्या गालाचा मुका घेतला. न धुतलेल्या तोंडानंच.

सोमवारी मुख्याध्यापिकेनं कागद वाचून फाटक उघडलं. स्वयंपाकघरात ओब्दुलिया पातेल्याशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, डावाची दांडी एप्रनला पुसली आणि दांडीची बाजू माझ्याकडे धरली.