केशरबाई कचेरीत आली

पालमच्या एका सरकारी कचेरीत सूर्यभान खंदारे एकतीस वर्षं शिपाई होता. निवृत्तीला चार महिने उरले असताना कचेरीत स्वरदा मॅडम साहेब म्हणून आल्या. वय असेल तीसेक. पहिल्या आठवड्यात त्यांनी फायली बघितल्या, दुसऱ्या आठवड्यात चहाची खोली उघडली.

चहाची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. तिथं एक छोटा फ्रीज, एक मायक्रोवेव्ह ओव्हन आणि पाणी उकळायची विजेची किटली. ओव्हन मागच्या साहेबांनी बदली होताना ठेवून दिलेला. मॅडमनी फ्रीजचं दार उघडलं आणि लगेच लावलं. ओव्हनमध्ये कुणाच्या तरी भाजीचे शिंतोडे वाळून काळे पडले होते. किटलीत वाकून बघितलं तर तळाला पांढरा जाड थर, चुना दिल्यासारखा.

"सूर्यभानमामा, हे पाणी आपण पितो?"

"बोअरचं हाय ना मॅडम. खार बसतोय."

"सोमवारी परभणीहून वरिष्ठ येणार आहेत. तेवढं स्वच्छ करून घ्या."

त्या रागावल्या नव्हत्या. पण हेडक्लार्क अनंतराव दारात उभे राहून ऐकत होते, ते सूर्यभानला लागलं.

शनिवारी कचेरी बंद. सूर्यभान किल्ली घेऊन एकटाच गेला. घरी त्यानं कधी ताट उचलून मोरीत ठेवलं नव्हतं, तरी यात काय मोठं, असं त्याला वाटलं. संडासाला वापरतात ती फिनेलची बाटली हाताशी होती. फ्रीज त्यानं फिनेलनं धुतला. किटलीत लिंबू पिळलं, वर मूठभर सोडा टाकला. सगळं फसफसून ओट्यावर आलं आणि दोन मिनिटांत गप्प झालं. थर होता तसाच. ओव्हनची काळी भाजी त्यानं चाकूनं खरवडायला घेतली, पण आतला रंग निघायला लागला तसा हात थांबवला.

घरी आला तो बायकोनं, केशरबाईनं, नाकाला पदर लावला.

"कशाचा वास यायलाय तुमच्या अंगाला?"

त्यानं सांगितलं. केशरबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. दोनशे पोरांची करपलेली पातेली घासून तिचे हात तयार झालेले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "खायच्या जागंला फिनेल? आता त्यात ठेवलेलं दूध कोन पिईल? उद्या मी येते."

"तू कायला? कचेरी हाय ती."

"रविवारी कोन ऱ्हायलंय तिथं? लिंबं हायत का घरात बघा."

सूर्यभान लय नको नको म्हणाला. पायी लांब पडतं म्हणाला, ऊन हाय म्हणाला. खरं कारण वेगळं होतं, ते त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. लग्नानंतर वर्षभरानं नोकरी लागली तेव्हा सासरवाडीत कुणीतरी विचारलं होतं, कचेरीत बसायला काय हाय जावयाला? आणि तो बोलून गेला होता, टेबल हाय की. पुढं ते तसंच राहिलं. मधूनमधून त्याच्या तोंडी यायचं, माझ्या टेबलावर कागद ऱ्हायला, माझ्या टेबलापाशी गर्दी होती. खोटं बोलतोय असं मग त्यालाही वाटेनासं झालं.

रविवारी सकाळी केशरबाईनं पिशवीत सहा लिंबं, सोड्याची पुडी, मीठ, दात घासायचा जुना ब्रश आणि धुतलेली दोन फडकी घेतली. कचेरीत शिरल्यावर तिनं चपला बाहेर काढल्या, देवळात जाताना काढतात तशा. सूर्यभान म्हणाला, "घाल, घाल, इथं चालतंय." तिनं घातल्या नाहीत.

कामाला लागल्यावर तिनं इकडंतिकडं बघितलं नाही. फ्रीजचं बटण बंद करून सगळे कप्पे बाहेर काढले. कोमट पाण्यात सोडा विरघळवून आतून दोनदा पुसलं, मग साध्या पाण्यानं, मग कोरड्या फडक्यानं. दाराच्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी होती, ती ब्रशनं काढली. "दार उघडं ऱ्हाऊ द्या, वारं लागू द्या. वाटीत सोडा ठेवा आत, ऱ्हायलेला वास ओढून घेतंय ते."

ओव्हनमध्ये तिनं भांडंभर पाणी ठेवलं, त्यात लिंबाच्या फोडी, आणि सूर्यभानला पाच मिनिटं लावायला सांगितलं. काच वाफेनं पांढरी झाली. "आता उघडू नका. भिजू द्या." थोड्या वेळानं दार उघडलं आणि काल चाकूला न निघालेली भाजी फडक्यानं सहज निघून आली. सूर्यभान बघत उभा राहिला. तिनं फडकं त्याच्या हातात दिलं. "वरची बाजू तुमी पुसा. मला पोचंना."

किटलीत चार लिंबांचा रस आणि पाणी उकळायला ठेवलं. "काल तुमी सोडा घातला, त्यानं लिंबाचं आंबटपन मेलं. निसतं लिंबू पायजे. तासभर मुरू द्या."

तो तास मोकळा होता. केशरबाई पदरानं हात पुसत बाहेर आली. मोठ्या खोलीत सात टेबलं होती. त्यावर काचा, काचांखाली कॅलेंडरं आणि कुणाकुणाच्या लेकरांचे फोटो. ती एकेका टेबलापाशी गेली. हात कशालाच लावला नाही.

"तुमचं कोनतं?"

सूर्यभाननं साहेबांच्या दाराकडं बोट केलं. दाराबाहेर लाकडी स्टूल होतं, वर घडी घातलेलं पोतं, भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलाचा गोल डाग.

केशरबाई स्टुलावर बसली. तिचे पाय जमिनीला टेकेनात. थोडा वेळ तशीच बसून ती उतरली. "किटली बघा," म्हणाली.

थर सुटला होता. पापुद्रे पाण्यावर तरंगत होते, तळ स्टीलसारखा चमकत होता. दोघांनी किटली खळबळून धुतली, पुन्हा पाणी भरून ओट्यावर ठेवली, आणि थोड्याच वेळात ओट्यावर पाण्याची रेघ दिसली. किटलीच्या बुडाला जोडापाशी बारीक चीर होती. इतकी वर्षं खारानंच ती बुजवून धरली होती.

"आता बोंबला," सूर्यभान खाली बसला. "अनंतराव म्हणतील, मोडून ठेवली."

"मोडलेलीच व्हती. आता दिसली. तसं सांगा."

परत जाताना एसटी स्टँडच्या पुढं केशरबाई म्हणाली, "मायला मी सांगत व्हते, जावयाला टेबल हाय म्हनून. चार बायांत सांगायची ती. तसंच समजून देवाघरी गेली."

"चुकलं माझं," सूर्यभान म्हणाला.

"तिला बरं वाटत व्हतं, ते न्हाई म्हनत मी." ती चालत राहिली. "मला सांगायचं व्हतं. मी काय कलेक्टरशी लगीन लावलं व्हतं का?"

त्या रात्री ती जेवताना त्याच्याशी बोलली नाही. सकाळी डबा मात्र नेहमीसारखा भरून ठेवला होता.

सोमवारी सूर्यभाननं मॅडम आल्याबरोबर किटली त्यांच्यासमोर नेली आणि गळते ती जागा दाखवली. अनंतराव म्हणाले, "मग घासायची कशाला? बरी चालली होती."

"विजेच्या वस्तूला चीर होती, अनंतराव," मॅडम म्हणाल्या. "कुणाला झटका बसला असता म्हणजे?" मग फ्रीज उघडून बघितला, ओव्हन बघितला. "मामा, हे तुम्ही केलं?"

हो म्हणणं सोपं होतं. "मंडळी आली व्हती माझी," तो म्हणाला. "तिनं केलं. मी वरची बाजू पुसली."

मॅडमनी लिंबाचं कसं काय ते विचारून घेतलं; त्यांच्या घरच्या ओव्हनचीही तीच गत होती. जुनी किटली मोडीत काढायला लिहून दिली.

संध्याकाळी केशरबाई मेथी निवडत बसली होती. सूर्यभान तिच्यासमोर बसला, एक जुडी पुढ्यात ओढली आणि न विचारता सांगायला लागला. वरिष्ठ आले ते अकरा मिनिटं थांबले. चहाच्या खोलीकडं फिरकलेसुद्धा नाहीत. चहा बाहेरून, समोरच्या हॉटेलातून मागवावा लागला आणि ट्रे घेऊन आत तोच गेला. अनंतरावांनी स्वतःचाच कप आधी उचलला. मग त्यानं मागच्या साहेबांचंही सांगितलं, आणि त्यांच्या आधीच्यांचंही. कोण नावानं हाक मारायचं, कोण नुसती घंटी वाजवायचं.

केशरबाई ऐकत होती. "देठं कोवळी हायत, टाकू नका," मध्येच म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "घंटी वाजवायचा तो कुठला व्हता?"